खोकला ऐकणारे डॉक्टर

आमच्या आळीत एक डॉक्टर होते आणि ते औषध देत नसत. थट्टा नाही करत. दवाखाना होता, पाटी होती, आत लाकडी बाकडं होतं, मिक्श्चरच्या बाटल्या भरणारा कंपाउंडरही होता. पण नाक गळतंय, डोळे लाल झालेत, अंग मोडून आलंय, अशा अवस्थेत तुम्ही त्या बाकड्यावर जाऊन बसलात की समजायचं, हात हलवत परत. "पडसं आहे. गरम पाणी पी, मिठाच्या गुळण्या कर, ऊन ऊन पेज घे आणि झोप." झालं! एवढं ऐकायला भर पावसात छत्री सांभाळत कोण जाईल? आमच्या सासूबाई चुलीपाशी बसून हेच सांगायच्या, आणि वर सुंठीचा काढाही द्यायच्या. आळीने त्यांचं नाव ठेवलं होतं गरमपाणी डॉक्टर.

ही रत्नागिरीतली गोष्ट, मांडवीच्या अंगाची, ऐंशीच्या दशकातली. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. नवरा मुंबईला एका कंपनीच्या गोदामात. घरात मी, सासूबाई आणि माझी मुलगी. मुलगी फार उशिरा झालेली, नवसासायासाची. मी मुळात घाबरट, आजही आहे, त्यात काम असं की जिल्हाभरच्या वाईट बातम्या माझ्या कानावरून जायच्या. लांज्याहून मुंबईला ट्रंक कॉल लागायचा, मी "बोला" म्हणून जोडून द्यायची आणि लाइन सोडेपर्यंत पहिलं वाक्य कानात पडलेलंच असायचं. "पोर गेलं रे." मग दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नसे. घरी पोरीला नुसती शिंक आली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची.

डॉक्टर उंच, किंचित पोक आलेले. पांढरी पँट गुडघ्यांपाशी फुगलेली, पावसाळा असो की मे महिना, काखेत काळी छत्री. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दवाखान्याच्याच मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. आणि या माणसाला स्वतःला बारा महिने पडसं! नाकाचा शेंडा कायम लाल. जुन्या धोतराचे फाडून केलेले हातरुमाल त्यांच्या खिशात असायचे, पंचाएवढे. ते बाहेर काढून नाक शिंकरलं की समोरच्या दुकानातलं मांजर उठून दुसरीकडे जाऊन बसे. लोक तोंडावर म्हणायचे, "डॉक्टर, आधी स्वतःचं बघा." ते जराही रागावत नसत. म्हणायचे, "तुमचंच आहे हो हे. रोज कुणी ना कुणी आणून देतं, नाही कसं म्हणू?"

आता त्या वेळचं आमच्याकडचं एक सांगायला हवं, म्हणजे लोक त्यांच्यावर एवढे का चिडायचे ते कळेल. गणपतीला मुंबईचे चाकरमानी यायचे ते कॅप्सुली घेऊन यायचे. अर्धी लाल, अर्धी काळी, चकचकीत. कुणाला कंपनीच्या दवाखान्यात मिळालेल्या, कुणी आजारपणात अर्ध्याच खाऊन बरं वाटल्यावर ठेवून दिलेल्या, कुणी ओळखीच्या केमिस्टकडून तशाच आणलेल्या. साबण, पावडरचा डबा, टॉर्चचे सेल, पोरांना कपडे आणि त्यातच ह्या कॅप्सुली. घरोघर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या जपून ठेवायचे. दाढ दुखली, घे कॅप्सूल. माशाचा काटा बोटात गेला, कॅप्सूल फोडून पूड जखमेवर. आणि पडसं झालं तर विचारायलाच नको. शेजारीपाजारी वाटीभर साखर मागावी तशी कॅप्सूल मागायचे. मुंबईत कमावणारा मुलगा आहे, हे त्या डब्यावरून कळायचं. आमच्या सासूबाई कुणाकडे आजारी माणसाला बघायला निघाल्या की पदराच्या गाठीला एखादी बांधून न्यायच्या, आणि गाठ सोडताना त्यांचा चेहरा बघावा! जणू सोन्याची अंगठी काढून देतायत.

आणि अशा आळीत हा डॉक्टर बसला होता, पडशाला कॅप्सूल नाही म्हणत.

मी पहिल्यांदा मुलीला घेऊन गेले तेव्हा ती रांगत होती. नाक चोंदलेलं, दूध ओढता येईना, रडून रडून आवाज बसला होता. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, नळीबिळी लावायच्या आधी तिच्या पाठीला सरळ स्वतःचा कान लावला. बराच वेळ तसेच बसले. मग तिच्या छातीकडे, श्वासाकडे बघत राहिले.

"पडसं आहे," म्हणाले. "घरी जा."

"डॉक्टर, कॅप्सूल द्या की हो तिला. अर्धी तरी."

"कशाला?"

"पडसं जायला."

"अगो, तुझ्या गादीत ढेकूण झालेत आणि तू उंदराचा सापळा लावून बसलीस, तर ढेकूण जातील?"

माझा संताप संताप होत होता. पोर तळमळतंय आणि हे ढेकणांच्या गोष्टी सांगतायत.

"पडशाचा जंतू निराळ्या जातीचा," ते नाक पुसत म्हणाले. "व्हायरस म्हणतात. ही कॅप्सूल मारते ती जात वेगळी. ती पडशाच्या वाटेलासुद्धा जायची नाही. पण पोटात गेली म्हणजे नुसती बसून राहील काय? पोटात चांगले जंतू असतात, त्यांना मारील. पोट बिघडेल. आणि उठल्यासुटल्या खात गेलात ना, तर ज्यांना मारायचं ते जंतू तिला सरावतील. मग खरी गरज लागेल तेव्हा ती कॅप्सूल म्हणजे नुसती पिठाची गोळी."

"मग पडसं जाणार कशाने?"

"आपल्या आपण. आठवडा लागेल, थोडा जास्त. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाल, दूध थोडं थोडं पाज."

"आणि छातीत उतरलं तर?"

इतका वेळ एकसारखे बोलणारे डॉक्टर एकदम थांबले. हातातला रुमाल तसाच राहिला. "तर ते मला कळलं पाहिजे," एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या माणसाला हाक मारली. औषध देत नाही तो नाहीच, वर असलं काहीतरी बोलून घाबरवतो! मी तणतणत घरी आले. आठवड्याने पोरीचं पडसं गेलं. सासूबाईंनी मला न सांगता कॅप्सुलीची चिमूटभर पूड मधातून चाटवली होती, हे मला मागाहून कळलं. पडसं तिनेच गेलं, असं त्यांनी आळीभर सांगितलं, आणि तेव्हा मलाही ते पटलं होतं. न पटायला काय झालं? समोर पोर खेळत होती ना!

पण डॉक्टरांची लोकांना खरी धास्ती वाटायची ती औषध न देण्यामुळे नव्हे. धास्ती होती त्यांच्या उभं राहण्याची.

दुपारी जेवणं झाली की आळी आडवी व्हायची. त्या वेळी दवाखाना बंद करून ते निघायचे. आमच्याकडे अंगणाभोवती चिरे रचून कमरेएवढे गडगे घातलेले असतात. एखाद्या घराच्या गडग्याशी ते थांबायचे. छत्री मनगटाला अडकवलेली, डोळे मिटलेले, मान एका अंगाला कललेली. कुणाला हाक नाही, काही नाही. नुसते उभे. मग तसेच पुढे निघायचे. आत दाराच्या फटीतून बघणाऱ्या बाईच्या अंगावर काटा यायचा. कोण हो असं दुपारच्या टायमाला येऊन उभं राहतं? भिकारी नाही, पाहुणा नाही.

त्यातच आमच्या वरच्या अंगाच्या एका घरापुढे ते ओळीने काही दिवस उभे राहिले, आणि त्या घरातला म्हातारा गेला. दम्याचा जुना रोगी, जाणारच होता. पण आळीने गाठ घालून टाकली. डॉक्टर जिथं उभा राहतो तिथं मागाहून तिरडी येते. एकदा हे बोलणं सुरू झाल्यावर मग काय विचारता! आळीतल्या बायका त्यांची छत्री लांबून दिसली की खोकणाऱ्या पोरांना आत ओढायच्या. घरात आजार नाही असं दाखवलं म्हणजे तो पुढे जातो. पोराला खोकला आवरेना तर तोंडात गुळाचा खडा कोंबायच्या, नाहीतर पदर धरायच्या तोंडावर. भर दुपारी ती आळी अशी चिडीचूप व्हायची की ऐकणाऱ्याने घाबरून जावं. मी टेलिफोन ऑफिसात मशिनींची खडखड ऐकणारी, सुट्टीच्या दिवशी घरी असले की ती शांतता माझ्या छातीवर बसायची.

आमच्या सासूबाई एक पाऊल पुढे. डॉक्टर आमच्या गडग्याशी थांबून गेले की त्या जागी मीठमोहऱ्या टाकायच्या. एकदा तर त्यांनी गडग्यावर नारळ ठेवला आणि भर अंगणात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या डॉक्टराची नजर माज्या घरावरनं काड, तेची वाट दुसरीकडं वळव." दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, नारळ बघितला, उचलून कानाशी हलवला आणि दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना म्हणाले, "पाणी चांगलं आहे हो आत. नातीला दोन घोट द्या." आणि नारळ परत जागच्या जागी ठेवून गेले. सासूबाईंनी त्या नारळाला हात लावला नाही. गडग्यावरच सुकला तो.

आता मला हसू येतं, पण तेव्हा नाही यायचं. मी शिकलेली, मॅट्रिक पास, सरकारी नोकरीतली, आणि तरी त्यांची सावली अंगणात पडली की मी पोरीला उचलून आत घ्यायची. आपलं एवढंसं पोर आणि हा मनुष्य तिच्या वाटेवर उभा, एवढंच मनात यायचं.

लोक म्हणायचे डॉक्टरकडे औषधच नाही. तेही खरं नव्हतं. आमच्या दारी मासे घेऊन येणारी एक म्हातारी होती, भाट्याकडची. तिचं पडसं रेंगाळलं, मग ताप भरला, बरगडीत कळ येऊ लागली, थुंकी गढूळ झाली. तिला बाकड्यावर बसलेली बघताच डॉक्टर खुर्चीतून उठले ते धावतच. इंजेक्शन दिलं, कॅप्सुली दिल्या, आणि रोज तिच्या झोपडीपर्यंत चालत जाऊन समोर बसून गिळायला लावल्या. ताप उतरल्यावर म्हातारीने उरलेल्या कॅप्सुली रीतसर डब्यात टाकल्या. त्यावरून डॉक्टर तिच्यावर असे काही ओरडले की किनाऱ्यावरच्या होड्यांतले लोक वर बघायला लागले. "त्या डब्यात ठेवायला दिल्या नाहीत! शेवटची संपेपर्यंत खायच्या! अर्धवट मारलेला जंतू दुप्पट तयारीने उठतो, कळतं काय?" म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन आळीभर सांगत फिरली, "मेला मारायलाच उटला व्हता माका." पण बरी झाली. आळीने त्याचा अर्थ एवढाच काढला की औषध आहे पण डॉक्टर ते आवडत्यांना देतो.

मग त्या वर्षीचे गणपती आले. नवरा आला, डबा भरला, आरत्या झाल्या, घर माणसांनी भरून गेलं, आणि विसर्जन करून तो मुंबईला परतला. पोरगी तेव्हा बोबडं बोलायला लागली होती. गर्दीतून काय घेतलं कुणास ठाऊक, नाक वाहायला लागलं, बारीक खोकला, अंग किंचित कोमट. मी ड्युटीवर जायच्या आधी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला कान लावला. "पडसं आहे," म्हणाले. मी या खेपेला काही मागितलंच नाही. मला ठाऊकच होतं.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दुपारीही ते गडग्याशी येऊन उभे राहिले, असं सासूबाईंनी दात ओठ खात मला सांगितलं. त्यांच्या मनात भीती बसली होती. नातीवर त्यांचा जीव किती ते मी सांगायला नको, मला रागवतील पण तिला कधी नाही. मी ऑफिसात गेले की त्यांनी डबा उघडायचा. पोर खोकली की कॅप्सूल फोडून चिमूटभर पूड, मधात. परत खोकली की परत. कमी करायचं कशाला? चांगली गोष्ट आहे, मुलाने पाठवलेली आहे, आणि बाहेर तो उभा आहे. पोरीला जुलाब सुरू झाले. ते दातांचे असतील म्हणून त्यांनी मला सांगितलंच नाही. कपडे मी यायच्या आत धुऊन टाकायच्या. आणि पोट जड होतंय असं वाटून त्यांनी दूध बंद केलं. संध्याकाळी पोर मलूल दिसली तर म्हणायच्या, "पडसं हाय ना गो, मंग कशी नाचंल?"

तिसऱ्या दिवशी माझी सकाळपाळी होती, ती संपवून दुपारी मी घरी यायला वळले तर गडग्याशी कुणी नाही. मी देवाचे आभार मानले. पायरीवर मात्र त्यांच्या चपला. उंबऱ्याच्या आत काळी छत्री आडवी पडलेली. मी पिशवी पायरीवरच टाकून आत धावले.

माजघरात डॉक्टर जमिनीवर बसले होते. मांडीवर माझी पोर. तिचं डोकं त्यांच्या दंडावर एखाद्या ओल्या फडक्यासारखं पडलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकून पांढरे, रडायला तोंड उघडत होती पण डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. सासूबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, पदर तोंडात.

"काय झालं? काय झालं हिला?" मी ओरडले.

"ओरडू नको. पातेलंभर पाणी उकळून निवव. मीठ आण, साखर आण, लहान चमचा आण." त्यांचा आवाज एकदम खाली होता. "आज खोकला ऐकू आला नाही म्हणून आत आलो."

मला काही उमगेना. तेव्हा ते तुटक तुटक म्हणाले, काल आणि परवा ती खोकत होती, पडशाचा साधा, कोरडा खोकला, ठणठणीत. असं पोर एका दिवसात खोकायचं थांबत नाही. एकतर कुणीतरी तिचं तोंड धरलंय, नाहीतर तिच्यात खोकण्याचं बळ राहिलेलं नाही. बराच वेळ उभं राहूनही आवाज आला नाही, तेव्हा ते न विचारता आत शिरले होते. सासूबाईंनी शिव्या दिल्या, दार लोटलं, तरी शिरले.

त्यांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली. ते बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. मी आयुष्यात खूप भ्यालेय, पण त्या घटकेला जी भ्याले त्याला तोड नाही. डॉक्टर घाबरलाय हे दिसल्यावर आपण कुणाकडे बघायचं?

"पाणी गिळतेय," ते म्हणाले. "गिळतेय तोवर हाती आहे. तू गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आणून उभी करून ठेव. उन्हं उतरेपर्यंत हिला लघवी झाली पाहिजे. नाही झाली, की मध्येच गिळेनाशी झाली, तर उचलायची आणि तडक सिव्हिलला, सलाईन लावायला."

मी धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षावाला ओळखीचा, इंजिन बंद करून बिडी न पेटवता बसून राहिला बिचारा. आत डॉक्टर चमच्या चमच्याने मीठसाखरेचं पाणी तिच्या गालाच्या आतून सोडत होते. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक. ओकली की जरा दम घेऊन पुन्हा. त्यांचं नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी पदराने पुसलं. त्यांनी पुसू दिलं. ऊन अंगणातून सरकत सरकत तुळशीपाशी गेलं. मी मनात सगळ्या देवांना नवस बोलले, परत बोलले, गणपतीला तर म्हटलं, आत्ताच गेलास ना आमच्याकडचं खाऊन, मग बघ की जरा! पोरीचे पाय चोळत होते, ते गार लागत होते. तिचं नाव घेऊन हाक मारायचीही मला हिंमत होत नव्हती, तिने ओ दिली नाही तर?

"काय दिलं होतंत हो हिला?" डॉक्टरांनी वर न बघता विचारलं.

"काय नाय दिलंय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चमचा, थांबणं, चमचा. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मला ते फोडून टाकावंसं वाटत होतं.

आणि मग त्यांच्या पांढऱ्या पँटवर एक डाग दिसला. मला वाटलं पाणी सांडलं. तो पसरला, मांडीवरून खाली जमिनीवर ओघळला. डॉक्टर क्षणभर बघत राहिले आणि ओरडले, "मुतली! अगो मुतली! बघा, मुतली!" एवढा मोठा पुरुष, आळी ज्याला भ्यायची तो, हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. मी जमिनीवर डोकं टेकलं. सासूबाई होत्या तिथंच खाली बसल्या.

त्यानंतर ती पाण्याला हपापली. चमचा हिसकायला लागली. रिक्षावाल्याला मी जायला सांगितलं, त्याने पैसे घेतले नाहीत. दिवेलागणीला पोरीने डोळे नीट उघडून मला बघितलं आणि "आई" म्हणाली.

तेव्हा सासूबाई उठल्या. फळीवरून डबा काढला, डॉक्टरांच्या पुढ्यात आणून ठेवला, आणि झाकण न उघडता म्हणाल्या, "मी दिलंय हो. पूड दिलंय. खोकली की दिलंय. तुम्ही भायेर येऊन उभं ऱ्हायचात, माजा जीव घाबरायचा. वाटायचं, नेतो हा आता माज्या पोरीला." आणि त्या रडायला लागल्या, तोंड न झाकता, लहान पोरासारख्या. मी त्यांच्यावर तुटून पडणार होते. इतका वेळ तेवढ्यासाठीच तर दात आवळून बसले होते.

डॉक्टरांनी हाताने मला थांबवलं. "मला कळलं होतं," ते सासूबाईंना म्हणाले. "जुलाबांवरून कळलं. तुम्ही भीतीनेच दिलीत ना? घाबरलेलं माणूस दुसरं काय करील? मी सुद्धा घाबरतोच हो. औषध दिलेला रोगी आपला घरी जातो, मी मोकळा. ज्याला देत नाही तो माझ्या डोक्यावर बसतो. शंभर पडशी आपली आपण जातात. एखादं छातीत उतरतं, त्याला तीच कॅप्सूल द्यावी लागते, आणि वेळेत. ते एखादं कुठलं, हे बाकड्यावर बघून कळत नाही. मग काय करू? घरात कुणी घेत नाही मला. बाहेरून खोकला ऐकतो. बदललेला खोकला कळतो मला. रोज भीती वाटते, आज आपला कान चुकला तर."

मग सासूबाईंनी डोळे पुसले आणि चुलीवर भात ठेवला. मऊ पेज केली, वर तुपाची धार, लोणच्याची फोड, आणि पाट मांडून डॉक्टरांना बसवलं. ते नको नको म्हणाले, पँट ओली आहे म्हणाले. सासूबाईंनी माझ्या वारलेल्या सासऱ्यांचं जुनं धोतर आणून दिलं. घरात कित्येक वर्षांनी कुणी ते नेसलं. डॉक्टर ते नेसून पाटावर बसले, पहिला घास हातात घेतला, आणि आत पाळण्यात पोर खोकली.

घास तसाच राहिला. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले. मी वाढता वाढता थांबले. सासूबाईंचा डाव हवेत. तीन दिवस चिमटी चिमटीने एवढ्या कॅप्सुली तिच्या पोटात गेल्या होत्या, पोर जाता जाता राहिली होती, आणि पडसं? ते होतं तिथंच होतं, त्याला धक्कासुद्धा लागला नव्हता. आम्ही तिघंही श्वास धरून थांबलो. पोर पुन्हा खोकली, कोरडं, ठणठणीत, आणि वर एक शिंक दिली.

"पडसं आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनी तो घास तोंडात घातला.